कॉलेजातील धर्माभ्यास : तीन शंका व त्यांचे समाधान



आषाढीच्या वाटेवर नातेपुत्याचा मुक्काम होता. रात्रीचे कीर्तन आटोपले, वीणेकरी पहाऱ्याला उभे राहिले आणि मंडळी आपापल्या राहुटीत निजावयास गेली. इतक्यात आमच्या दिंडीतले बार्शीकडचे एक शेतकरी गृहस्थ मजजवळ येऊन बसले. वीस-बावीस वर्षांची वारी, गळ्यात माळ, बोलणे फार थोडे. टाळ गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले,

"महाराज, येक इचारायचं हाय. थोरली पोरगी बी.ए. झाली. तत्त्वज्ञान घेतलं हुतं. आता म्हणती, पुढं धर्माचाच अभ्यास करायचा, यम.ए. करायचं. मी म्हणलं, बाई, धर्म काय कालेजात शिकायचा असतो व्हय? तितं कुणी परधर्माचा मास्तर असंल, कुणी देव न मानणारा असंल. त्येंच्यात ऱ्हाऊन गळ्यातली माळ टिकंल का? आन् येवढं करून नोकरी कशाची लागंल? भाऊबंद हसत्यात. तुमीच सांगा."

मी त्या दिवशी फार दमलेला होतो. "माउली काळजी वाहील, तुम्ही चिंता करू नका," असे म्हणून मी हात जोडले. ते "बरं" म्हणाले, पाया पडले आणि उठून गेले. पण त्यांच्या राहुटीत बॅटरीचा उजेड मला बराच वेळ दिसत होता. गृहस्थ निजले नव्हते.

मी दिलेले उत्तर खोटे नव्हते. परंतु तहानलेल्याने पाणी मागावे आणि आपण त्याला गंगेचे माहात्म्य सांगावे, तसे ते झाले. बापाने तीन प्रश्न विचारले आणि मी एकाचेही उत्तर दिले नाही. ते ऋण फेडण्यासाठी हा लेख लिहीत आहे. अशी मुले-मुली आता पुष्कळ घरांतून निघत आहेत. तेव्हा हा विचार त्या एका गृहस्थांपुरता नाही.

शंका पहिली : धर्म ही कॉलेजात शिकण्याची वस्तू आहे काय?

समाधान : धर्म शिकणे या एका शब्दाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी येतात, आणि त्यांची सरमिसळ झाली की घोटाळा होतो.

एक शिकणे आपल्या फडावरचे. माळ घालावी, एकादशी धरावी, हरिपाठ पाठ करावा, वडीलधाऱ्यांच्या मागे टाळ घेऊन उभे राहावे. यात माहितीपेक्षा वळण अधिक. पूज्य विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली, तेथला चार वर्षांचा अभ्यासक्रम या प्रकारचा आहे. ज्ञानेश्वरी, गाथा, गीता, गायन, मृदंग हे सर्व तेथे शिकवितात. पण ते साधकाला शिकवितात. विद्यार्थी पंथाचा आहे हे तेथे गृहीतच असते.

दुसरे शिकणे विद्यापीठातले. तेथे तुमच्या गळ्यात माळ आहे की नाही हे कोणी पाहत नाही, आणि परीक्षेत भक्तीचे गुण मिळत नाहीत. धर्म माणसाच्या जीवनात कसा आला, कसा वाढला, त्याचे ग्रंथ कसे झाले, निरनिराळ्या धर्मांनी ईश्वर, दुःख, मृत्यू, नीती यांविषयी काय सांगितले, याचा तेथे विचार होतो. वैदिक, बौद्ध, जैन, ख्रिस्ती, इस्लाम, शीख, पारशी हे सगळे एकाच वर्गात येतात, आणि प्रत्येकाची बाजू समजून घ्यावी लागते.

हा भेद आपल्या राज्यघटनेनेही ओळखला आहे. कलम २८ प्रमाणे जी शिक्षणसंस्था संपूर्णपणे सरकारी पैशावर चालते, तेथे धर्माचा उपदेश करता येत नाही. पुष्कळांना वाटते की यामुळे धर्माचा अभ्यासही बंद आहे. तसे नव्हे. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने एखाद्या धर्माची शिकवण देणे आणि धर्मांविषयी शिक्षण देणे यांत स्पष्ट फरक केला. पुढे २००२ साली सर्वोच्च न्यायालयानेही एका निकालात म्हटले की, सर्व धर्मांची ओळख करून देणे म्हणजे कलम २८ ने मना केलेला उपदेश नव्हे.

आता कोणी भाविक म्हणेल, "महाराज, ग्रंथाला हात जोडायचे की ग्रंथाची झडती घ्यायची? अमुक ओवी कुठल्या पोथीत आहे नि कुठल्या पोथीत नाही, असली चिकित्सा म्हणजे अश्रद्धाच की!" त्यांना माझी एवढीच विनंती की, त्यांनी आपल्या नाथमहाराजांकडे पाहावे. ज्ञानेश्वरी झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली. पुढे नकला होता होता पाठ बिघडले. तेव्हा नाथांनी पोथ्या मिळवून, पाठ ताडून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. दोनशे चौऱ्याण्णव वर्षांनी! या कामाला हल्ली विद्यापीठात पाठचिकित्सा म्हणतात. ज्याने माउलींवर सर्वांत अधिक प्रेम केले, त्यानेच पोथ्यांची सर्वांत कसून तपासणी केली. नाथांच्या ठिकाणी प्रेम आणि तपासणी एकत्र नांदली, तर आपल्या पोरांच्या ठिकाणी का नांदू नये?

तुकोबारायांच्या गाथेचेही तसेच. मुंबई सरकारने चोवीस हजार रुपये दिले, आणि शंकर पांडुरंग पंडित व विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी देहू, पंढरपूर आदी ठिकाणच्या वह्या ताडून १८६९ व १८७३ साली ती दोन भागांत छापविली. हे दोघे विद्येच्या प्रांतातले पुरुष. पण त्यांच्या श्रमाचे फळ आज आपण भजनात बसून चाखतो.

तात्पर्य, कॉलेजात जे शिकवितात तो धर्माविषयीचा अभ्यास आहे. त्याने फडावरचे शिकणे होत नाही, आणि फडावरच्या शिकण्याने हे होत नाही. एक केले म्हणून दुसरे केल्यासारखे होईल, असे कोणी समजू नये.

शंका दुसरी : या अभ्यासाने श्रद्धा जाईल काय?

समाधान : काहींची जाते. हे मी लपविणार नाही. पण ती कशाने जाते, हे नीट पाहिले पाहिजे.

माझेच सांगतो. मी कॉलेजात तत्त्वज्ञान घेतले आणि वसतिगृहात राहिलो. पहिल्या वर्षी संध्याकाळचा हरिपाठ चालू होता. दुसऱ्या वर्षी तो सुटला. वडिलांना वाटले, इंग्रजी पुस्तकांनी पोरगा नासविला. मलाही कित्येक दिवस तसेच वाटे. पण खरी गोष्ट निराळी होती. आमच्या घरी दिवेलागणीला सात-आठ माणसे टाळ घेऊन उभी राहत. वसतिगृहात मी एकटा. शेजारच्या खोलीत सिनेमाची गाणी, पलीकडे पत्त्यांचा डाव. मोठ्याने म्हणावयाची लाज वाटे. म्हणून मनात म्हणू लागलो. मग मनातही राहून जाऊ लागले. पुढे वर्षभराने जवळच्या आळीत एक जुने विठ्ठलमंदिर आहे असे कळले. तेथे चार म्हातारी माणसे रोज हरिपाठास बसत. मी त्यांच्यात जाऊन बसू लागलो, आणि हरिपाठ परत आला. पुस्तके तीच होती, प्राध्यापक तेच होते. माझा नेम पुस्तकांनी मोडला नव्हता. संगत तुटली म्हणून तो मोडला होता.

यास्तव ज्या आई-बापांना ही भीती वाटते, त्यांनी अभ्यासक्रमाची यादी पाहण्याआधी पोरगी राहणार कुठे, तिच्या जवळपास भजन कुठे चालते, एकादशीला ती कोणाकडे जाईल, हे पाहावे. बी. कॉम. करणाऱ्या मुलाचा नेम सुटला तर आपण हिशेबाच्या पुस्तकांना दोष देत नाही. मग येथेच पुस्तकांवर आळ का घ्यावा?

तथापि पुस्तकांनी मुळीच धक्का बसत नाही, असेही मी म्हणणार नाही. मला एक धक्का बसला, तो सांगतो. दरवर्षी वडिलांबरोबर मी पंढरीस जाई. महाद्वारासमोर नामदेव पायरीशी चोखोबारायांची समाधी आहे, तिच्यावर डोके ठेवी आणि मग आत जाई. कॉलेजात इतिहास वाचताना कळले की, चोखोबांच्या जातीच्या माणसांना त्या दारातून आत जाण्यासाठी १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले. ही गोष्ट काही कोणी दडवून ठेवलेली नव्हती. पण आमच्या घरी ती कधी कोणी बोललेही नव्हते.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा मी वडिलांना विचारले, "दादा, आपण चोखोबांच्या समाधीला डोकं लावतो. मग त्यांची माणसं इतकी वर्षं बाहेर का उभी होती?" वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला हे कुणी विचारलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही." एवढेच. पुढल्या वारीत समाधीपाशी ते नेहमीपेक्षा अधिक वेळ थांबले. माझी श्रद्धा त्या प्रश्नाने गेली नाही. पण पूर्वी डोके ठेवून चटकन आत जात होतो, तसे मात्र त्यानंतर जमले नाही.

डेक्कन कॉलेजातल्या विदुषी इरावती कर्वे स्वतः दिंडीबरोबर चालल्या आणि तो अनुभव त्यांनी लिहून ठेवला. त्याचे इंग्रजी रूप १९६२ साली अमेरिकेतल्या एका विद्वत्तेच्या नियतकालिकात आले. बरोबरच्या बायांचे प्रेम, त्यांचे गाणे, त्यांचे चालणे याविषयी त्यांनी किती मायेने लिहिले आहे! आणि त्याच लेखात त्यांनी हेही नोंदले की, एकत्र चालणाऱ्या व एकत्र गाणाऱ्या जाती जेवावयास मात्र वेगळ्या बसतात. हे वाचून काहींना राग येतो. मला वाटते, आपल्या घरात येऊन, आपल्याबरोबर चालून, कोणी मायेने दोष दाखविला तर तो ऐकावा. असे पाहण्याची नजर देणे, हे या अभ्यासाचे मोठे काम आहे.

आता या विद्येच्या वाटा कोठे कोठे जातात, ते दोन थोरांच्या चरित्रांत पाहू.

पहिले सोनोपंत दांडेकर. जन्म १८९६. जोग महाराजांच्या पायाशी त्यांनी ज्ञानेश्वरीचे पाठ घेतले, आणि इकडे विद्यापीठात तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक व पुढे प्राचार्य झाले. प्लेटो शिकविणारे हेच मामासाहेब फेटा बांधून कीर्तनास उभे राहत, आणि ज्ञानदेव व प्लेटो या दोघांना त्यांनी एका ग्रंथात आणले. त्यांनी वारकरी पंथाचा इतिहास लिहिला, १९५३ साली सार्थ ज्ञानेश्वरी सिद्ध केली, 'प्रसाद' मासिक चालविले. परक्या तत्त्वज्ञांची त्यांना भीती वाटली नाही. बाहेरची विद्या ते आपल्या अंगणात घेऊन आले, आणि पंथ तिने श्रीमंत झाला.

दुसरे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे. जन्म १८७३, गाव जमखिंडी, घर वारकऱ्याचे. विठ्ठल हे नावच सर्व सांगते. फर्ग्युसन कॉलेजातून ते बी. ए. झाले. पुढे युनिटेरियन मंडळींची शिष्यवृत्ती मिळून १९०१ ते १९०३ अशी दोन वर्षे त्यांनी ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा तौलनिक अभ्यास केला. हे कॉलेज ख्रिस्ती उदारमतवाद्यांचे. तेथे एस्टलिन कार्पेंटर यांच्यासारखे जगातील धर्मांचे जाणकार शिकवीत असत. जमखिंडीच्या वारकऱ्याचा मुलगा त्या वर्गात बसला, आणि परत आला तो कशासाठी? परतल्यावर तो प्रार्थना समाजाचा प्रचारक झाला, आणि १९०६ साली मुंबईत त्याने अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा उघडून निराश्रित साहाय्यकारी मंडळीचे काम उभे केले. वाड्या-वस्त्यांतून हिंडून, त्या लोकांत राहून त्यांनी जे पाहिले व शोधले, ते १९३३ साली 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' या ग्रंथात आले. १९४४ साली ते गेले. पंथाच्या चौकटीत ते राहिले नाहीत, हे खरे. पण चोखोबांच्या समाधीपाशी जो प्रश्न मला माझ्या कॉलेजात सुचला, त्यावर या माणसाने माझ्या जन्माआधी आयुष्य वेचले होते.

दोघेही वारकरी संस्कारातले, दोघेही धर्म कॉलेजात शिकलेले. एक कीर्तनाच्या गादीवर परतला, एक परळच्या चाळीत गेला. कॉलेजने दोघांना वाट नेमून दिली नव्हती. जो प्रश्न ज्याने घरून बांधून नेला, त्याच प्रश्नाच्या मागे तो गेला. म्हणून मुलीला विचारावयाचे ते हे : "बाई, तुला नेमके काय जाणून घ्यावयाचे आहे?" तिच्यापाशी याचे उत्तर असेल, तर पुष्कळशी काळजी मिटली. उत्तर नसेल, तर ते शोधावयास एक वर्ष द्यावे. घाई करू नये.

शंका तिसरी : पोटापाण्याचे काय?

समाधान : येथे गोड बोलून चालणार नाही. वैद्यकी वा इंजिनिअरिंग शिकले की एक ठरलेली पाटी दारावर लागते. धर्माभ्यासाची तशी पाटी नाही. प्राध्यापकाच्या जागा थोड्या आणि त्या भरण्यास वेळ फार लागतो. तेव्हा शेत गहाण टाकून, मोठे कर्ज काढून हा अभ्यास करू नये. सरकारी विद्यापीठांत या विषयांची फी तुलनेने बेताची असते आणि शिष्यवृत्त्याही असतात. त्यांची चौकशी आधी करावी.

मार्ग कोणते आहेत, ते क्रमाने सांगतो.

पहिला मार्ग अध्यापनाचा. महाराष्ट्रात हा अभ्यास बहुधा तत्त्वज्ञान, संस्कृत, पाली, मराठी व इतिहास या विभागांतून होतो. पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ १९२१ पासून आहे. रामटेकास कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ १९९७ पासून आहे. काशीस हिंदू विश्वविद्यालयात २०२२ साली हिंदू अध्ययनाचा एम. ए. अभ्यासक्रम सुरू झाला. पंजाबात पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात १९६७ साली, गुरू गोविंदसिंगांच्या त्रिशताब्दीनिमित्ताने, धर्मांच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग निघाला. आपल्या नामदेवरायांची एकसष्ट पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि घुमान येथे त्यांचे स्थान आहे. नामदेवांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या मराठी मुलास पंजाब परके नाही. कॉलेजात शिकवावयाचे तर एम. ए. नंतर नेट किंवा सेट परीक्षा द्यावी लागते. नेटमध्ये धर्मांचा तुलनात्मक अभ्यास हा स्वतंत्र विषयच आहे. ज्यांना शाळेत शिकवावयाचे असेल त्यांनी बी. एड. करावे, मात्र त्यासाठी बी. ए.चे विषय शाळेत शिकविले जाणारे आहेत ना, हे आधी पाहावे.

दुसरा मार्ग पोथ्यांचा व दप्तरांचा. पुण्याचे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ सालचे, म्हणजे आळंदीच्या संस्थेचेच जुळे भावंड म्हणा ना! तेथे महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षे खपून तयार झाली. अशा ठिकाणी भाषा जाणणारी, लिपी वाचणारी माणसे लागतात. मोडी शिकलेल्याला तर दुहेरी उपयोग : मठा-मंदिरांच्या सनदाही वाचता येतात आणि जमिनीचे जुने कागदही. मोडी कागद वाचून देणारा माणूस गावोगाव शोधूनही मिळत नाही, हे शेतकऱ्यांना मी सांगावयास नको.

तिसरा मार्ग लेखनाचा. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा ग्रंथ १९८४ साली लिहिला. ॲन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीने त्याचे इंग्रजी केले आणि ते २०११ साली प्रसिद्ध झाले. देहूच्या मोरे घराण्यातले, तुकोबांचे वंशज डॉ. सदानंद मोरे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले. त्यांच्या 'तुकाराम दर्शन' या ग्रंथास १९९८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अनुवाद, संपादन, आकाशवाणी, वृत्तपत्रे, वस्तुसंग्रहालये, यांत या विद्येला जागा आहे. पण केवळ पदवीवर तेथे कोणी घेत नाही. हातात काम दिसावे लागते.

चौथा मार्ग पुष्कळांना ठाऊक नसतो. भारतीय सैन्यात धर्मगुरूंची भरती होते. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री असे निरनिराळ्या धर्मांचे गुरू पलटणीत असतात आणि त्यांना नायब सुभेदाराचा हुद्दा मिळतो. पंडितास पदवीबरोबर संस्कृतातील शास्त्री, आचार्य वा कर्मकांडाचे शिक्षण लागते. ही भरती आजवर पुरुष उमेदवारांची होत आली आहे. ज्यांच्या घरी असा मुलगा असेल त्यांनी लक्षात ठेवावे.

आणि कीर्तन-प्रवचन? हा मार्ग मी यादीत घालीत नाही. ते पोटासाठी करावयाचे नव्हे, असे आपल्या वडिलांनी शिकविले आहे. शिवाय एम. ए. झाल्याने कीर्तन येत नाही. त्यासाठी फडावरच उभे राहावे लागते.

तात्पर्य

अशा मुला-मुलींस माझे सांगणे चार गोष्टींचे आहे.

एक : भाषा शिका. संस्कृत, पाली, प्राकृत, फारसी, जी तुमच्या प्रश्नाला लागेल ती. मूळ ग्रंथ वाचता न येणारा धर्माभ्यासक दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहत असतो.

दोन : अभ्यासाबरोबर हाताला एक कसब ठेवा. मोडी, अनुवाद, अध्यापन, काहीही. प्राध्यापकाची जागा निघेपर्यंत तेच घर चालवील.

तीन : प्रवेश घेण्यापूर्वी त्या विभागात स्वतः जाऊन या. आधीचे विद्यार्थी आज काय करतात, हे शिक्षकांस विचारा. चांगला शिक्षक या प्रश्नाने रागावत नाही. बापाने बरोबर जावे.

चार : संगत सोडू नका. जेथे राहाल तेथे चार माणसे हरिपाठाला कोठे बसतात, ते पहिल्या आठवड्यात शोधून काढा. वर्गात जे वाचाल ते त्यांना सोप्या बोलीत सांगून पाहा. ज्यांना सांगता आले नाही, ते आपल्यालाच समजले नाही, असे धरून चाला. आणि त्या म्हाताऱ्या माणसांनी उलट काही विचारले, तर तेही वर्गात घेऊन जा.

आई-बापांस एकच सांगणे. पोरगी घरी येऊन अडचणीचा प्रश्न विचारील. कदाचित आपल्या पंथाविषयी, कदाचित आपल्या गावाविषयी. तेव्हा तिला गप्प करू नका. माझ्या वडिलांपाशी उत्तर नव्हते. पण त्यांनी प्रश्न ऐकून घेतला, आणि मी वारीत राहिलो त्याचे एक कारण ते आहे.

हा मजकूर छापावयास देण्यापूर्वी बार्शीकडच्या त्या गृहस्थांना मी हेच पत्राने लिहून कळविले, आणि नातेपुत्याच्या रात्रीबद्दल क्षमा मागितली. त्यांचे उत्तर कार्डावर आले. लिहितात, "पत्र पोरीला वाचाया दिलं. तिनं अर्ज भरला. मी सोता जाऊन मास्तर लोकांस्नी भेटून आलो. मानसं बरी हाईत. तितनं जवळच मारुतीच्या देवळात सांजंला हरिपाठ हुतो, त्येबी बघून आलो. येक म्हातारबाबा म्हणला, पोरीला धाडा."

वाचकहो, असा कोणी बाप तुमच्यापाशी येऊन बसला, तर तुम्ही कितीही दमलेले असा, त्याला माझ्यासारखे उठवून लावू नका. त्याचे तिन्ही प्रश्न ऐका, आणि येते तेवढे उत्तर द्या.

रामकृष्णहरि.